माशांची वलांडी आणि शाळेतील गणित

चांगले बी चांगल्या जमिनीत पडले, तरी मशागत नीट झाली नसेल तर उगवण विरळ होते. शेतकऱ्यास हे सांगावयास नको. शिक्षणाचेही तसेच आहे. खेड्यातील मुलगा शाळेत जातो, पाढे पाठ करतो, क्षेत्रफळाची सूत्रे घोकतो. परंतु घरी आजी ज्या अधोलीने धान्य मोजते तिचा, किंवा वडील ज्या दोरीने बागेची आखणी करतात तिचा पुस्तकातील गणिताशी काही संबंध आहे, असे त्याच्या मनात येत नाही. ज्ञान हे बाहेरून येणारी वस्तू आहे आणि आपल्या घरची वडीलधारी माणसे अडाणी आहेत, असा त्याचा हळूहळू ग्रह होतो.

हा ग्रह पक्का झाला म्हणजे गावाचे दुहेरी नुकसान होते. शाळेत शिकलेली विद्या जीवनात उतरत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने कमावलेले ज्ञान पुढच्या पिढीकडे जात नाही. आदिवासी भागात, जेथे घरची भाषा निराळी आणि शाळेची निराळी असते, तेथे हे नुकसान अधिक खोल असते. यावर उपाय काय? अमेरिकेच्या अलास्का राज्यातील एका विद्यापीठाने या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. त्या कामाची हकीकत आपल्या ग्रामकार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस उपयुक्त वाटेल, म्हणून ती येथे देत आहे.

एकाच कुळातील विद्यापीठे

अलास्का हा उत्तर ध्रुवाजवळचा, दीर्घ हिवाळ्याचा प्रदेश. आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. परंतु तेथील फेअरबँक्स गावचे विद्यापीठ आणि आपली कृषी विद्यापीठे यांचे कूळ एक आहे. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा होऊन प्रत्येक राज्यास सरकारी जमीन देण्यात आली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये उभी राहिली. त्याच परंपरेत फेअरबँक्स येथे १९१७ साली कृषी व खाणकाम महाविद्यालयाची स्थापना झाली. ते १९२२ साली सुरू झाले आणि १९३५ साली त्याचे विद्यापीठात रूपांतर झाले.

शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामे एकाच संस्थेने करावी, हा त्या परंपरेचा विचार. भारतात १९६० साली पंतनगर येथे त्याच धर्तीवर पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात राहुरी येथे १९६८, अकोला येथे १९६९ आणि दापोली व परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठे झाली. ‘विस्तार’ या शब्दाचा अर्थ विद्यापीठातील ज्ञान शेतापर्यंत नेणे, असा आपण करतो. अलास्कात त्याच शब्दाला दुसरी बाजू कशी मिळाली, हे आता पाहू.

मुले गावाबाहेर, शाळा गावाबाहेर

अलास्काच्या पश्चिमेस यूकॉन आणि कस्कोक्विम या दोन मोठ्या नद्या समुद्रास मिळतात. त्यांच्या मुखाजवळच्या दलदलीच्या सखल प्रदेशात यूपिक नावाचे आदिवासी लोक पूर्वापार राहतात. बहुतेक गावांना बाहेरून येणारा रस्ता नाही. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात बर्फावरील गाडीने आणि एरवी लहान विमानाने ये-जा होते. उन्हाळ्यात नदीत चढणारा सालमन मासा पकडणे, तो चिरून वाळविणे, धुरी देऊन हिवाळ्यासाठी साठविणे, रानफळे वेचणे आणि शिकार करणे यांवर त्यांचे जीवन चालत आले आहे. (आपल्याकडे रावस माशास काही जण भारतीय सालमन म्हणतात, परंतु तो मासा निराळा.)

अमेरिकेने १८६७ साली हा प्रदेश रशियाकडून विकत घेतला. पुढे ज्या शाळा निघाल्या त्यांत दीर्घकाळ इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालत नसे. घरची भाषा बोलल्याबद्दल मुलांस शिक्षा होत असे. माध्यमिक शिक्षणाची सोय गावात नव्हती. त्यासाठी मुलामुलींस शेकडो मैल दूर, कधी राज्याच्याही बाहेर, वसतिगृहाच्या शाळेत पाठवीत. ज्या वयात मुलगा बापाबरोबर जाळे टाकावयास आणि मुलगी आजीबरोबर मासा चिरावयास शिकते, नेमक्या त्या वयात ती घरापासून तुटत.

ही स्थिती बदलावी म्हणून १९७२ साली आदिवासी विद्यार्थ्यांच्या वतीने न्यायालयात दावा दाखल झाला. यूपिक मुलगी मॉली हूच हिच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यात १९७६ साली तडजोड होऊन १२६ गावांत माध्यमिक शाळेची सोय करण्याचे राज्य सरकारने मान्य केले.

शाळा गावात आली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु शिक्षक बाहेरचे आले आणि त्यांतील पुष्कळसे एकदोन वर्षांत परत जात. पुस्तकेही बाहेरची होती. झाडाविना पसरलेल्या बर्फाळ माळावरच्या मुलास दूरच्या शहरातील उदाहरणे घालून गणित शिकविले जाई. इमारत गावात उभी राहिली, पण तिच्यातील शिक्षण परकेच राहिले.

विद्यापीठाने बदललेली वाट

येथे फेअरबँक्सच्या विद्यापीठाचे काम सुरू होते. पहिले पाऊल शिक्षक तयार करण्याचे होते. १९७० साली सुरू झालेल्या एका योजनेत गावातील तरुणांस आपले गाव न सोडता शिक्षकाचे शिक्षण घेता येऊ लागले. विद्यापीठाचे अध्यापक गावोगाव जात. त्यायोगे गावची भाषा आणि गावचा व्यवहार जाणणारे शिक्षक हळूहळू शाळांत आले.

दुसरे पाऊल त्याहून महत्त्वाचे होते. १९८० नंतरच्या दशकात यूपिक शिक्षकांचा एक अभ्यासगट तयार झाला. त्यांनी त्यास ‘चिउलिस्तेत’ हे नाव दिले. त्याचा अर्थ पुढे चालणारे, मार्ग दाखविणारे. या गटात यूपिक शिक्षक, गावातील वृद्ध स्त्रीपुरुष आणि विद्यापीठातील संशोधक जेरी लिप्का एकत्र बसत. वृद्ध माणसे आपल्या भाषेत बोलत आणि करून दाखवीत. शिक्षक त्याचा अर्थ लावीत, आणि यात शाळेचे कोणते गणित दडले आहे याचा सर्व मिळून शोध घेत. प्रश्नावली भरून घेऊन निघून जाण्याची ही पद्धत नव्हती. येथे शिकवीत होती गावची वृद्ध मंडळी, आणि विद्यापीठ शिकत होते.

वलांडीची भूमिती

या शोधातून काय निघाले, त्याचे एक उदाहरण पाहू. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव बोंबील वाळविण्यासाठी जशी वलांडी उभारतात, तशी यूपिक लोक सालमन वाळविण्यासाठी लाकडी मांडणी उभारतात. तिचा पाया आयताकार असावा लागतो, नाहीतर मांडणी वाऱ्याने डगमगते. हा आयत आखावयास वृद्धांपाशी गुण्या नसतो. ते दोरीने मध्य धरतात आणि मध्यापासून चारही कोपरे सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, हे पाहतात. आपला गवंडी पाया आखल्यावर कर्ण मोजून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

संशोधकांनी ही रीत पाठात घेतली. मुले अंगणात दोरी घेऊन आयत आखतात. मग शिक्षक विचारतो, ‘हा आयतच आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ बाजू मोजल्या एवढे सांगून भागत नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरी आकृती तिरकी असू शकते. कर्ण सारखे आहेत आणि ते एकमेकांस मध्यावर छेदतात, हे मुलांस स्वतः शोधून सांगावे लागते. भूमितीतील सिद्धता ती हीच. पुढे सारख्याच लांबीची दोरी घेऊन कोणत्या आकारात अधिक जागा मावते, हा प्रश्न येतो आणि परिमिती व क्षेत्रफळ यांतील भेद मुलास डोळ्यांनी दिसतो.

अशा रीतीने अनेक पाठमाला तयार झाल्या. रानफळे वेचण्यावरून मोजणी आणि आलेख, धुरीघराच्या बांधणीवरून घनाकृती, केसाळ कातड्याच्या अंगरख्यावरील नक्षीवरून समभाग आणि आकार, मासेमारीवरून संभाव्यता, आणि रात्रीच्या प्रवासातील ताऱ्यांवरून कोन व दिशा. आपले शेतकरी ज्या सप्तर्षींस बाज म्हणतात आणि रात्रीची वेळ ओळखतात, तेच तारे बर्फावरून वाट काढणाऱ्या यूपिक माणसासही उपयोगी पडतात.

त्यांची संख्यापद्धतीही पाहण्याजोगी आहे. यूपिक मोजणी विसाच्या गटांनी होते, आणि तिच्या पोटात पाचाचे गट असतात. पाच या शब्दाचा संबंध हाताशी आहे. सहा या शब्दात पलीकडे ओलांडण्याचा, म्हणजे एका हातावरून दुसऱ्या हातावर जाण्याचा अर्थ आहे. वीस म्हणजे हातापायांची सर्व बोटे, अर्थात एक पूर्ण माणूस. आपल्याकडेही ‘तीन विसा आणि पाच’ असे मोजणारी वृद्ध माणसे होती आणि खंडी वीस मणांचीच असते. दशमान पद्धत शिकणाऱ्या मुलास गट करून मोजणे म्हणजे काय, हे घरच्या मोजणीवरून किती सहज उमगेल, याचा विचार करावा.

परिणाम कसा तपासला?

एखादी गोष्ट मनास भावली म्हणून ती उपयुक्त ठरत नाही. नव्या वाणाची शिफारस करण्यापूर्वी आपण त्याची जुन्या वाणाशी तुलना करतो. कोणत्या वाफ्यात कोणते वाण पेरावे हेही पसंतीने न ठरविता यदृच्छेने ठरवितो, म्हणजे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्यास जात नाही. फेअरबँक्सच्या संशोधकांनी शाळेत हीच पद्धत वापरली. काही वर्गांनी नव्या पाठमाला शिकल्या, काहींनी नेहमीची पुस्तके. कोणी काय शिकावे हे यदृच्छेने ठरले. दोन्हीकडील मुलांची आधी व नंतर परीक्षा घेतली. इयत्ता दुसरीच्या अशा तुलनेचे निष्कर्ष २०१२ साली गणितशिक्षणाच्या एका मान्यवर संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नव्या पाठमाला शिकलेल्या मुलांची गणितातील प्रगती अधिक दिसून आली. विशेष म्हणजे हा लाभ आदिवासी मुलांपुरता नव्हता. इतर मुलांसही तो झाला. जे गणित हाताने करून आणि कारण सांगून शिकले जाते, ते कोणत्याही मुलास अधिक समजते, असा याचा बोध घेता येईल.

याच सुमारास, १९९५ ते २००५ या दहा वर्षांत, विद्यापीठ आणि अलास्कातील आदिवासींचा महासंघ यांनी मिळून ग्रामीण शाळांसाठी एक मोठी योजना चालविली. अंगायुकाक ऑस्कर कावाग्ली आणि रे बार्नहार्ट हे तिचे प्रमुख आधार होते. कावाग्ली (१९३४–२०११) हे स्वतः यूपिक. आजीच्या हाताखाली वाढलेले, पुढे शाळेत जीवशास्त्र शिकविणारे आणि विद्यापीठात अध्यापक झालेले. आजीचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेतील निरीक्षण या दोन्हींस विज्ञानात स्थान आहे, हा विचार त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. १९९८ साली आदिवासी शिक्षकांच्या सभेने स्थानिक संस्कृतीस अनुरूप अशा शाळांची मानके मान्य केली. विद्यार्थी, शिक्षक, अभ्यासक्रम, शाळा आणि गाव या पाचही घटकांची जबाबदारी त्यांत सांगितली आहे. शाळा चांगली चालावी हे काम एकट्या गुरुजींचे नाही, गावाचेही आहे, असा त्याचा अर्थ.

विचारल्यावाचून नेऊ नये

या कामाची आणखी एक बाजू आपण लक्षात ठेवावी. पूर्वी बाहेरचे संशोधक येत, माहिती गोळा करीत आणि निघून जात. त्या माहितीचे पुढे काय झाले, हे गावास कळत नसे. म्हणून आदिवासींच्या महासंघाने १९९३ साली संशोधनाचे नियम ठरविले. संशोधनाचा हेतू लोकांस आधी सांगावा, त्यांची समजून-उमजून संमती घ्यावी, जे ज्ञान ते पवित्र मानतात त्याची गुप्तता राखावी, स्थानिक माणसांस कामात घ्यावे व शिकवावे, ज्यांनी ज्ञान दिले त्यांचे श्रेय मान्य करावे आणि निष्कर्ष गावास परत द्यावे, असे त्यांत सांगितले आहे.

आपल्याकडेही २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावागावांत लोक जैवविविधता नोंदवह्या तयार होतात. वनस्पती, बियाणे आणि त्यांचे उपयोग यांची माहिती लोकच सांगतात. ती माहिती त्यांची आहे, हे भान कार्यकर्त्याने सोडू नये.

जेथे पाठ पुरा पडत नाही

या प्रयत्नांस मर्यादाही आहेत. बाहेरच्या पैशावर चाललेली योजना मुदत संपताच थांबते. शिक्षकांची ये-जा अजून चालू आहे. आणि सर्वांत मोठे संकट नदीवर आले आहे. यूकॉन नदीतील किंग सालमन इतका घटला की २०२४ साली अलास्का आणि कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षे बंद ठेवण्याचा करार केला. मासाच न आल्यास त्याच्यासाठी मांडणी उभारण्याचे काम उरत नाही. आजीच्या शेजारी बसून सुरी धरावयास शिकण्याची संधी नातीस मिळत नाही. सात वर्षांत एक मूल पहिलीतून आठवीत जाते.

अशा वेळी वृद्धांकडून वेळीच शिकून ठेवलेल्या पाठांचे मोल वाढते, हे खरे. तथापि पुस्तकातील पाठ हा नदीची जागा घेऊ शकत नाही. पाणी, जमीन, मासा आणि बियाणे टिकले तरच त्यांविषयीचे ज्ञान जिवंत राहते. शेतीच्या बाबतीतही हेच आहे. ज्या गावातून घरचे बियाणे नाहीसे झाले, तेथे बी निवडण्याची कलाही एका पिढीत नाहीशी होते.

आपल्या भूमीतील खुणा

हा विचार आपणास अगदी नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालविले. त्यांत गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून जंगल, मध आणि कायदा यांचा अभ्यास करीत. याच गावास २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अभ्यास गावाचा झाला म्हणजे तो गावाच्या कामी येतो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे?

अलास्कातील पाठ जसेच्या तसे उचलून आपल्या शाळेत आणणे म्हणजे तेथील वलांडी आपल्या शेतात उभी करण्यासारखे होईल. घ्यावयाची ती पद्धत. शाळेच्या शिक्षकांशी विचारविनिमय करून पुढील गोष्टी खर्चावाचून करता येतील.

१. उगवणशक्तीची चाचणी. पेरणीपूर्वी गावातील जाणत्या आजीस किंवा शेतकऱ्यास शाळेत बोलवावे. घरचे बी कसे निवडतात, कोणते दाणे टाकून देतात, हे त्यांनी दाखवावे. मग मुलांनी निवडलेल्या बियांपैकी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावे, गुंडाळी करून ओल राखावी आणि ठरलेल्या दिवशी अंकुर मोजावे. न निवडलेल्या बियांचीही अशीच चाचणी घेऊन तुलना करावी. शेकडेवारी यातून शिकता येते आणि पेरणीसाठी किती बी घ्यावे हेही घरास कळते.

२. माप आणि वजन. एकाच अधोलीने ज्वारी, भात आणि तूर मोजून प्रत्येकाचे वजन करावे. माप सारखे असता वजन निराळे का, हा प्रश्न मुलांसमोर ठेवावा.

३. आखणी. रोपवाटिकेचा गादीवाफा किंवा फळझाडांची चौकट आखताना मुलांस सोबत घ्यावे. दोरीस ३, ४ आणि ५ हातांवर खुणा करून काटकोन कसा साधतो हे दाखवावे व कर्ण मोजून खात्री करून घ्यावी. दोन मुलांचा हात सारखा नसतो, म्हणून वाफे लहानमोठे होतात. ठराविक माप कशासाठी हवे, हे मुलांस तेथेच समजते.

४. घरची भाषा. पाऊस, माती, किडी, गवत यांची घरच्या भाषेतील नावे मुलांनी विचारून आणावी आणि फळ्यावर मराठी नावांशेजारी लिहावी. एखाद्या भाषेत मातीच्या प्रकारांस अधिक नावे असतील, तर ती आपणासही शिकण्याजोगी आहेत.

५. संमती आणि परतफेड. जे सांगितले ते लिहून घेण्यापूर्वी विचारावे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे. चाचणीचा निष्कर्ष ग्रामसभेत किंवा चावडीवर वाचून दाखवावा.

यात जुन्याचा सरसकट आग्रह नाही. घरची रीत चाचणीत उणी ठरली तर ती सोडावी, आणि शिफारस गावच्या जमिनीत उणी ठरली तर तेही विद्यापीठास कळवावे. कसोटी दोघांस एकच असावी.

शेतकरी बंधूंनो, आपल्या मुलास शाळेत जे येत नाही ते त्याच्या बुद्धीच्या अभावी येत नाही, असे समजू नका. पुष्कळदा तेच गणित तो आपल्या शेतात रोज पाहत असतो. त्यास कोणी ते ओळखून दिलेले नसते. येत्या हंगामात एक दिवस शाळेस द्या. आपली दोरी, आपली अधोली आणि आपले बी घेऊन या. आणि कार्यकर्ते बंधुभगिनींनी त्या दिवशी मागच्या रांगेत मुलांबरोबर बसावे. विस्ताराचे काम सांगण्याचे आहे तितकेच ऐकण्याचेही आहे. ज्याने आधी ऐकले त्याचे म्हणणे गाव पुढे आपणहून ऐकते.